तिळाच्या तेलात सैंधव मुरवून अंगाला लावायचे तेल घरी करता येते का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

आमच्या घरी थंडीच्या दिवसांत तिळाचे तेल पळीत कोमट करून, त्यात चिमूटभर सैंधव घालून ते छातीला, पाठीला आणि गुडघ्यांना चोळण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. ते तेल त्या वेळेपुरतेच केले जाई, साठवले जात नसे. अलीकडे मात्र मीठ आणि वनस्पती घालून मुरवलेल्या तेलांच्या कृती जागोजागी वाचायला मिळतात आणि अशा बाटल्या बाजारात बऱ्याच महागही असतात. म्हणून मी लाकडी घाण्याचे तिळाचे तेल काचेच्या बरणीत घेऊन त्यात गुलाबी सैंधव आणि धुऊन निथळलेला निर्गुडीचा ताजा पाला घातला, आणि बरणी काही आठवडे उन्हात ठेवली. तेलाला पाल्याचा थोडा वास आला आहे, पण मीठ तळाशी जसेच्या तसे आहे. तेल गरम करून ढवळले तरी त्यात फरक पडला नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मीठ तेलात उतरावे यासाठी काही वेगळी कृती करावी लागते का? पाला ताजा घ्यावा की वाळलेला, आणि कोणत्या वनस्पती या कामासाठी योग्य ठरतात? आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी केलेले हेच तेल घरातल्या पाच महिन्यांच्या बाळाच्या मालिशीला वापरले तर चालेल का?

स्फटिक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की मीठ तेलात विरघळत नाही आणि कोणत्याही घरगुती कृतीने ते विरघळवता येणार नाही. मिठाचा स्फटिक सोडियम आणि क्लोराइड यांच्या विद्युतभारित कणांचा बनलेला असतो. पाण्याच्या रेणूला धन आणि ऋण अशी दोन टोके असल्यामुळे पाणी या कणांना वेढून एकमेकांपासून सोडवते. म्हणूनच साधारण 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ मावते. तेलाच्या रेणूंना अशी टोके जवळजवळ नसतात, त्यामुळे स्फटिक फोडण्याची शक्ती त्यांच्यात नाही. उष्णतेनेही हे साधत नाही, कारण मीठ वितळायला सुमारे 800 अंश तापमान लागते आणि कोणतेही खाद्यतेल त्याच्या कितीतरी आधी जळून जाते. तेलाची घनता पाण्याहून कमी आणि मिठाची पाण्याच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे, मीठ मैद्यासारखे बारीक दळून घातले तरी ते काही वेळाने तळाशी बसणारच.

तेव्हा मीठ मुरवलेले तेल म्हणून जी बाटली विकली जाते, तिच्यातले मीठ गाळून काढले असेल तर उरते ते साधे तेल, आणि गाळलेले नसेल तर उरते ते तळाशी मीठ असलेले साधे तेल. त्यातून खनिजे त्वचेत जातात हा दावा मला टिकणारा वाटत नाही. गुलाबी मिठातही बहुतांश सोडियम क्लोराइडच असते आणि त्याचा रंग मुख्यतः लोहाच्या संयुगांचा असतो. लोह आणि तांबे हे धातू तेल खवट होण्याची क्रिया जलद करतात, म्हणून असे तेल तांब्याच्या किंवा लोखंडी भांड्यात साठवू नये. पत्र्याच्या झाकणाला तर मीठ आणि दमटपणा मिळून गंज चढतोच.

आणखी एक धोका आपल्या बरणीत आहे. ताज्या पाल्यातले पाणी मिठामुळे बाहेर ओढले जाते, त्यात मीठ विरघळते आणि तेलाखाली खारट पाण्याचा एक थर साचतो. हा थर पुरेसा खारट असेल तर तिथे जंतूंची वाढ मंदावते, पण मीठ नेहमी सगळीकडे सारखे पोचत नाही, आणि तेलात अर्धवट बुडालेल्या, मीठ न लागलेल्या पानांवर बुरशी धरते. बरणीत तळाला गढूळ पाणी दिसत असेल, आंबूस वास येत असेल किंवा पानांवर पांढरी लव दिसत असेल, तर ते तेल अंगाला लावू नये.

स्नेहपाक

मी आयुर्वेदाची पदवीधर असल्यामुळे या पद्धतीची दुसरी बाजू मांडते. स्फटिक यांनी सांगितलेले रसायनशास्त्र मला मान्य आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे जुन्या ग्रंथांतल्या कृतींशी त्याचा विरोधही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या तेराव्या अध्यायात, म्हणजे स्नेहाध्यायात, लवण, म्हणजे मीठ, मिसळलेले स्नेह, म्हणजे तेल-तुपासारखे पदार्थ, माणसाला लवकर स्निग्ध करतात असे सांगितले आहे, आणि त्याचे कारण म्हणून लवणाचे सूक्ष्म, उष्ण, व्यवायी (शरीरभर झटकन पसरणारे) असे गुण दिले आहेत. मात्र तो सगळा विचार मुख्यतः स्नेह पोटात घेण्याचा आहे. तिथे पोटातल्या ओलाव्यात मीठ विरघळण्याची सोय आपोआप होते. त्या वचनाचा आधार घेऊन बाटलीतले खारे तेल विकणे हा प्रसंग बदलून वाक्य वापरण्याचा प्रकार आहे.

जिथे मीठ आणि तेल खरोखर एकत्र आणायचे असते, तिथे आपल्या परंपरेत मध्ये एखादा जलीय पदार्थ असतोच. निरूह बस्ती, म्हणजे गुदमार्गाने द्यायचा काढ्याचा एनिमा, तयार करताना आधी मध, मग सैंधव, मग स्नेह, मग कल्क, म्हणजे वाटलेल्या वनस्पतींचा गोळा, आणि शेवटी काढा असा क्रम पाळतात. मधातल्या ओलाव्यात सैंधव घोटले जाते आणि त्यात तेल थोडे थोडे मिसळत गेले की एकजीव, दाट मिश्रण होते. क्रम बदलला तर तेल वर तरंगत राहते. शिकत असताना खलात हे घोटण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना हा फरक हाताला कळलेला असतो. असे मिश्रणही ताजेच वापरायचे असते.

तेल सिद्ध करण्याचे, म्हणजे स्नेहपाकाचे सर्वसाधारण प्रमाण कल्क एक भाग, स्नेह चार भाग आणि द्रव सोळा भाग असे आहे. घरगुती मापात सांगायचे तर पाव लिटर तिळाच्या तेलाला निर्गुडीच्या पाल्याचा रस किंवा काढा एक लिटर आणि वाटलेला पाला साठ ग्रॅमच्या आसपास. हे सगळे रुंद तोंडाच्या, निम्म्याहून कमी भरलेल्या स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून, तळाला लागू न देता, पाणी पूर्ण आटेपर्यंत ढवळत राहावे लागते. घाई केली तर वरचे तेल तापते आणि आत पाणी तसेच राहते. म्हणून असे पाक एका दिवसात उरकू नयेत, असाच संकेत आहे. पाक झाला हे ओळखण्याच्या खुणा अगदी व्यवहारी आहेत. कल्क बोटांत वळला असता त्याची वात होते, ती वात विस्तवावर धरली तर तडतडत नाही, आणि तेलावर फेस येऊ लागतो. तूप असेल तर उलट फेस शमतो. वात तडतडली याचा अर्थ आत अजून पाणी आहे, आणि पाणी राहिलेले तेल टिकत नाही. चरकाच्या मते चोळायच्या तेलाचा पाक खर, म्हणजे थोडा पुढे नेलेला असावा.

आता सैंधव असलेल्या तेलांविषयी. आमवातासाठी, म्हणजे सांधे सुजून आखडण्याच्या विकारासाठी, प्रसिद्ध असलेले बृहत्सैंधवादि तेल एरंडेलात सिद्ध करतात. त्यात सैंधवाबरोबर रास्ना, शतपुष्पा, ओवा, मिरे, सुंठ अशी बरीच द्रव्ये कल्कात असतात, आणि द्रव म्हणून कांजी, म्हणजे आंबवलेले आंबट पाणी, व दह्याची निवळ, म्हणजे मस्तू वापरतात. पाक चालू असताना सैंधव त्या कांजीत विरघळलेले असते. पाणी आटले की ते पुन्हा कल्काबरोबर बाहेर पडते आणि गाळताना फडक्यातच राहते. पाकाच्या काळात त्या खारट, आंबट पाण्याने इतर द्रव्यांतून काय काय सोडवले, हा विचार करण्याजोगा विषय आहे, पण तयार बाटलीत मीठ फारसे नसते हे नक्की. नुसत्या तेलात सैंधव टाकून ठेवणे आणि हा पाक यांत मूलभूत फरक आहे.

आपल्या घरी पळीत करून लगेच संपवले जाणारे तेल मात्र मला बरोबर वाटते. त्यातला न विरघळलेला कण घामाच्या ओलाव्यात थोडा विरघळतो, थोडा नुसता चोळण्याचे काम करतो, आणि खरा उपयोग कोमट तेलाचा, हाताच्या दाबाचा आणि त्यानंतर घेतलेल्या शेकाचा होतो.

लाकडीघाणा

आमच्याकडे घाण्यावर तेल काढण्याचे काम चालते आणि वाळलेल्या वनस्पती मुरवून तेले करण्याचा सराव आहे, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. पाक करायचा नसेल तर पाला वाळलेलाच घ्यावा, आणि वाळलेला म्हणजे हातात चुरल्यावर कुरकुर वाजणारा. सावलीत वाळवून, शेवटी तासभर कोरड्या उन्हात टाकून, मग तो वापरावा. वजनाने एक भाग वाळलेल्या पाल्याला दहा भाग तेल पुरते. वास आणि रंग गडद हवा असेल तर पाच भागांपर्यंत खाली यावे. बरणी पूर्ण कोरडी हवी. पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात तेल सुमारे 50 ते 60 अंशांवर तीन-चार तास ठेवले की जे उतरायचे ते बहुतेक उतरते. उन्हात ठेवायचेच असेल तर बरणीभोवती जाड कापड गुंडाळावे, कारण उष्णता उपयोगी असली तरी थेट प्रकाशाने तेल लवकर खवट होते. नंतर मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळावे. चोथा पिळून आलेले गढूळ तेल वेगळ्या बाटलीत घेऊन आधी संपवावे.

तेलात काय उतरते आणि काय उतरत नाही याचा हिशोब मिठाच्याच नियमाने चालतो. जास्वंदीच्या फुलांचा लाल रंग पाण्यात उतरणारा आहे, त्यामुळे जास्वंदीच्या तेलाला खुद्द फुलांचा लालभडक रंग येत नाही. रतनजोतीच्या मुळांचा रंग तेलात उतरणारा आहे, म्हणून ती चिमूटभर टाकली तरी तेल गडद लाल होते. बाजारातल्या पुष्कळ लालजर्द केशतेलांचे रहस्य जास्वंदीपेक्षा रतनजोतीत किंवा सरळ रंगात असते. ओवा, निर्गुडी, कापूरकचरी, वाळा, आंबेहळद यांचे सुगंधी अंश तेलात चांगले उतरतात. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच, तो तेलात मुरवण्यात अर्थ नाही. परदेशी कृतींत कॅलेंड्युला असते, तिथे आपल्याकडचा हाराचा झेंडू वापरू नये. ती वेगळ्या कुळातली फुले नसली तरी वेगळी वनस्पती आहे, आणि झेंडूतल्या काही घटकांमुळे उन्हात त्वचेला त्रास होऊ शकतो.

तेल कोणते घ्यावे, याबाबत माझे मत तिळाच्या बाजूने आहे. त्यात सेसमिनसारखे घटक आणि गरम केल्यावर तयार होणारे सेसमॉल असल्यामुळे ते इतर बऱ्याच तेलांपेक्षा उशिरा खवट होते. खोबरेल टिकाऊ आहे, पण साधारण 24 अंशांखाली थिजते. जवसाच्या तेलाच्या वाटेला या कामासाठी जाऊ नये. ते हवेत सुकणारे तेल आहे, लवकर खवट होते, आणि त्यात भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाटलीत ई जीवनसत्त्वाचे थेंब घातल्याने तेल खवट होणे लांबते, पण त्याने बुरशी किंवा जंतू अडत नाहीत. हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. लसूण ठेचून तेलात बुडवून स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवण्याची सवय तर सोडावीच. हवा नसलेल्या ओलसर जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू वाढून जीवघेणे विष तयार करू शकतो, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. असे तेल पुढे कुणीतरी भाजीत घालणार नाही याची खात्री घरात कोण देणार?

मीठ आणि तेल एकत्र वापरायचेच असेल तर टाचा आणि कोपरांसाठी उटणे करावे. मापाने दोन भाग बारीक मीठ, एक भाग तेल, एका वेळेपुरते. चेहऱ्याला, चिरलेल्या किंवा नुकत्याच केस काढलेल्या त्वचेला ते लावू नये, आणि न्हाणीघरातली फरशी लगेच साबणाने धुवावी, कारण घरातले वयस्कर माणूस घसरते ते अशाच वेळी.

पाळणाघर

मी लहान मुलांच्या विभागात परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे बाळाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देते. बाळाच्या अंगाला मीठ घातलेले कोणतेही तेल लावू नये. तान्ह्या बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचा विस्तार मोठा असतो. नवजात बाळाच्या अंगाला मीठ चोळण्याची प्रथा तुर्कस्तानच्या काही भागांत होती, आणि तिच्यामुळे बाळांच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर गेल्याची, काही बाळे दगावल्याचीही नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. पाच महिन्यांचे बाळ नवजात नसते आणि चिमूट म्हणजे मुठी नव्हेत, हे खरे असले तरी या मिठाचा बाळाला फायदा काहीच नसताना तो धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय मिठाचे कण चोळल्याने मांडीच्या घड्यांत ओरखडे पडतात आणि तिथे लंगोटाचा ओलावा लागून जळजळ वाढते.

कापराच्या बाबतीत मी याहून कडक बोलेन. खोबरेलात कापूर विरघळवून छातीला लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण दोन वर्षांखालील मुलांना तो लावू नये. कापूर त्वचेतून शोषला जातो, चुकून तोंडात गेला तर फार थोड्या मात्रेतही झटके येऊ शकतात, आणि पूजेचा कापूर औषधी दर्जाचा असेलच असे नाही. बाळाच्या नाकात किंवा कानात तेलाचे थेंब सोडू नयेत. नाकातून फुप्फुसात गेलेल्या तेलाने होणारा न्यूमोनिया लवकर बरा होत नाही.

मालिशीला साधे खोबरेल किंवा सूर्यफुलाचे तेल पुरेसे आहे. ढाक्यातल्या एका रुग्णालयात अकाली जन्मलेल्या बाळांच्या त्वचेला सूर्यफुलाचे तेल लावल्याने संसर्ग कमी झाल्याचे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. मोहरीचे तेल मात्र झोंबते आणि कोवळ्या त्वचेच्या वरच्या थराला ते मानवत नाही. ऑलिव्ह तेलाबाबतही हाच आक्षेप आहे. बाळाला कफ झाला असून श्वास जलद चालत असेल, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील किंवा ते दूध पीत नसेल, तर तेल कोणते लावावे हा विचार न करता लगेच डॉक्टरांकडे जावे.

कृष्णाकाठ

सर्वांनी सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. बरणी उघडली तेव्हा तळाशी गढूळ पाणी दिसले, म्हणून ती रिकामी केली. आता वाळलेल्या पाल्याचे तेल करीन आणि बाळासाठी साधे खोबरेल ठेवीन. दोन शंका उरल्या आहेत. औषधांच्या दुकानात मॅग्नेशियम ऑइल नावाची बाटली मिळते, ती तेलात क्षार विरघळल्याशिवाय कशी तयार होते? आणि हिरड्यांना लावायचे मोहरीचे तेल, हळद व मीठ यांचे मिश्रण साठवता येते का? सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मीठ मुळीच वापरू नये, असाही आपल्या उत्तरांचा अर्थ होतो का, तेही कळावे.

स्फटिक

त्या बाटलीत तेल नसते. मॅग्नेशियम क्लोराइड पाण्यात भरपूर विरघळवले की ते द्रावण हाताला बुळबुळीत लागते, एवढ्यावरून तिला तेल म्हटले जाते. त्वचेतून मॅग्नेशियम पुरेशा प्रमाणात शरीरात जाते याला भक्कम पुरावा नाही, आणि चिरलेल्या त्वचेला ते चांगलेच झोंबते. क्षारांचा आणि तेलाचा दोन्हींचा लाभ त्वचेला हवा असेल तर क्रम बदलणे सोपे आहे. पाय आधी कोमट मिठाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवावेत, साध्या पाण्याने धुवावेत, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच तेल लावावे. म्हणजे मऊ झालेल्या त्वचेतला ओलावा तेलाखाली टिकतो.

हिरड्यांचे मिश्रण बोटाच्या पेरावर मावेल एवढे, त्या त्या वेळी करावे. मीठ अगदी बारीक दळलेले असावे, कारण भरड मीठ रोज घासले तर दातांच्या मुळांवरचा भाग झिजतो. हिरड्यांतून रक्त येणे दोन आठवड्यांत थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवावे.

स्नेहपाक

गुडघ्यांसाठी मीठ वापरता येईल, मात्र तेलाच्या बाहेर. आधी निर्गुडीचे कोमट तेल हलक्या हाताने, गुडघ्याच्या वाटीभोवती गोलाकार आणि मांडीकडे जाणाऱ्या स्नायूंवर लांब हात फिरवून दहा-पंधरा मिनिटे लावावे. नंतर जाडे मीठ लोखंडी तव्यावर कोरडे भाजून, सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधून तिने शेकावे. मीठ उष्णता धरून ठेवते आणि पुरचुंडी सांध्याच्या आकाराप्रमाणे बसते. हा त्याचा उपयोग खात्रीचा आहे, आणि तेच मीठ वाळत ठेवून पुन्हा वापरता येते.

यात एक भेद पाळावा. गुडघा झिजेमुळे दुखत असेल, चालताना कटकट वाजत असेल आणि त्वचा कोरडी असेल, तर तेल व शेक दोन्ही चालतात. सांधा सुजलेला, हाताला गरम लागणारा आणि सकाळी बराच वेळ आखडलेला असेल, तर आयुर्वेदात अशा आमावस्थेत, म्हणजे आमवाताच्या सूज असलेल्या अवस्थेत, तेल चोळत नाहीत, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देतात. आणि असा सांधा आधी डॉक्टरांना दाखवून रक्ताची तपासणी करून घेणे योग्य. सासूबाईंना मधुमेह असेल तर पायांची जाणीव कमी झालेली असू शकते आणि भाजल्याचे त्यांना कळणार नाही, म्हणून पुरचुंडी प्रत्येक वेळी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावी, आणि नवे तेलही आधी त्यांच्या हातावर थोड्या जागी लावून एक दिवस थांबावे.